निळी ज्योत विझायच्या आधी

२८ ऑक्टोबर

लिही. आधी हेच लिही की सांगणारी उमसुनाय आहे आणि लिहिणारी तिची सून जिपारा. मला अक्षर येत नाही. आमच्या लहानपणी शाळा होती, पण मेंढ्याही होत्या. मेंढ्या काही शाळेत जाईनात, म्हणून मीच त्यांच्यामागे गेले.

ही वही जिपारानंच आणली. सासूला आमच्यात एने म्हणतात. म्हणाली, "एने, तुम्ही दिवसभर किटलीशी बोलता. ती काय उत्तर देणार? मला सांगत जा, मी लिहून ठेवते. ते आले की वाचतील." 'ते' म्हणजे माझा सागिन, तिचा नवरा. तो रशियात इमारती बांधतो आणि इथं आम्ही दोघी त्याचं घर राखतो. नवऱ्याचं नाव ती माझ्यासमोर घेत नाही. माझ्याकडे पाठही करत नाही, खोलीतून जाताना उलट्या पावलांनी जाते. मी म्हणते, अगं, उंबऱ्याला अडखळशील. पण मनातून मला ते आवडतं. खोटं कशाला सांगू?

वहीत खरं सांगायचं असतं म्हणे. मग एक खरं आत्ताच सांगून टाकते. गेल्या महिन्यात शेजारी नातवाला पाळण्यात घालायचा समारंभ होता. बायकांच्या घोळक्यात बसून मी म्हटलं, "पाळणा आमच्याकडेही आहे. आम्ही त्यात कांदे ठेवतो." सगळ्या हसल्या. मीही हसले, माझी थट्टा सर्वांत जास्त मलाच आवडते. मागं वळून बघते तर जिपारा चहा घेऊन उभी. तिनं सगळ्यांना चहा दिला, एक थेंब सांडला नाही. सांडला असता तर बरं झालं असतं.

मान खाली घालू नकोस, लिही. एने चुकली, असंही लिही.

ती म्हणते, "असू दे ना, एने." तिचं हे 'असू दे' मला उंदरासारखं कुरतडतं.

३ नोव्हेंबर

आज मुकाश येऊन चूल साफ करून गेला. मुकाश आमचा शेजारी. या खोऱ्यातल्या निम्म्या चुली त्यानं बांधल्या आणि उरलेल्या निम्म्या दुसऱ्यांनी बांधल्या याचं त्याला जन्माचं दुःख आहे. मला एजे म्हणतो, म्हणजे थोरली बहीण. पण थोरल्या बहिणीचं ऐकायचं असतं हे मात्र विसरतो.

आमची चूल विटांची, भिंतीएवढी. तिचा धूर सरळ वर जात नाही. भिंतीच्या पोटातून वळणं घेत जातो आणि जाता जाता दोन्ही खोल्या तापवतो. मुकाशनं खालच्या सुट्या विटा काढून आतली काजळी बादल्या भरभरून बाहेर नेली. मग भेगा मातीनं लिंपल्या, वरून चुना फिरवला. "पांढऱ्या भिंतीवर काळा डाग उठला की समजायचं, तिथून धूर गळतोय," असं जिपाराला शिकवलं. शेवटी कागद पेटवून राखेच्या दारापाशी धरला. ज्योत आत वळली.

"बघ, ओढ चांगली आहे," म्हणाला. मग नव्या खिडक्यांकडे बघून त्यानं तोंड वाकडं केलं. सागिननं या शरदात प्लास्टिकच्या खिडक्या बसवून घेतल्या, वाऱ्याची झुळूकसुद्धा आत शिरत नाही. "एजे, हे घर आहे की बूच मारलेली बाटली? चुलीनं श्वास कुठून घ्यायचा? रोज एक फट उघडी ठेवत जा."

"फटच ठेवायची होती तर जुन्या खिडक्यांना काय धाड भरली होती?"

जिपारानं हळूच विचारलं, "आणि धुराड्याची झडप कधी लावायची, काका?"

"निखाऱ्यावरची निळी ज्योत पार विझली की. एकही निळी जीभ दिसता कामा नये. तोवर झडप उघडी."

आता हे मला शिकवणार! मी म्हटलं, "माझा जन्म चुलीपुढे गेला. वर राख धरली की झडप लावायची, नाहीतर सगळी ऊब आभाळाला. आभाळाला काय थंडी वाजते?"

"तू जन्मभर गोवऱ्या जाळल्यास, एजे. यंदा मेंढ्या विकल्या, आता कोळसा आहे. गोवरी राख झाली की मेली. कोळसा राखेखाली जिवंत असतो."

"तुझ्यासारखा," मी म्हटलं. "केस पिकले, तरी दुसऱ्या लग्नाचं विचारलं की अजून धग लागते."

जिपारा तोंडावर हात धरून हसली. पाळण्याच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा हसली. मुकाश लाजून विटा मोजायला लागला आणि धडा तिथंच संपला.

१० नोव्हेंबर

थंडी पडली. नदीच्या काठाला बर्फ धरलं.

जिपारा झडप लावायला फार वेळ लावते. चुलीचं दार उघडून आत बघत बसते, जसं काही तिथं कुणी पत्र ठेवलंय. मी जाता जाता लावून टाकते. ती काही म्हणत नाही. गुणाची आहे.

सकाळी तिचं डोकं दुखत होतं. माझंही जड होतं, पण माझं वय झालंय. मटणाचा वास आला आणि ती बाहेर पळाली. मी काहीच बोलले नाही. मी! हे लिहून ठेव, नाहीतर कुणाला खरं वाटायचं नाही.

१५ नोव्हेंबर

तीन सकाळी झाल्या, उलट्या चालूच. चक्कर येते, कानात घंटा वाजतात म्हणते. मी बोटांवर हिशेब केला, सागिन सुट्टीवर येऊन गेला त्याचा. हिशेब बसतो.

(एने, तसं काही नाही. — जि.)

काय लिहिलंस गं मध्येच? मी काही बोलले नाही तरी तुझी पेन्सिल चालली. असू दे. लाजायचंच असतं.

एक गोष्ट मात्र मला टोचते. शाळेत शिकवायला गेली की ही टवटवीत होते. शाळेतल्या शिपाईणबाईनं सांगितलं, पोरांबरोबर दोरीवरच्या उड्या मारत होती. आणि घरात पाऊल टाकून तास झाला नाही तोच मान टाकते. सुटीच्या दिवशी तर उठवत नाही. म्हणजे त्रास कशाचा? माझा. माझ्या तोंडाचा. कांद्याचं बोलले ते तिच्या पोटात बसलंय आणि माझं तोंड दिसलं की वर येतं.

मी ठरवलं, आता तिला जपायचं. चुलीचं तोंड असलेली आतली खोली माझी होती, ती तिला दिली. मी बाहेरच्या खोलीत झोपते, तिथं अंगणाच्या दारातून वारा येतो. माझी हाडं जुनी आहेत, गोठली काय आणि वितळली काय. तिनं "नको, एने" म्हणायला तोंड उघडलं. मी भुवई उचलली. तिनं मिटलं.

कोळशाची बादलीही आता तिनं उचलायची नाही. चूल मी बघणार.

२० नोव्हेंबर

आज घराची दृष्ट काढली. रानातल्या जुनिपरच्या फांद्या तव्यावर पेटवून प्रत्येक कोपऱ्यात धूर दिला, तिच्या डोक्यावरून फिरवला. खिडकीची ती मुकाशची फट आधी बंद केली, नाहीतर धूर बाहेर आणि दृष्ट आत. धुरानं घर कसं पवित्र वाटलं. तिला मात्र उलटी झाली. म्हटलं, बाहेर पडतेय ती दृष्टच.

सागिनचा फोन आला. मला राहवलं नाही, सांगून टाकलं. तिकडे तो इतका ओरडला की फोन कानापासून लांब धरावा लागला. म्हणाला, "आई, तिला उठू देऊ नका. गरम ठेवा." मी म्हटलं, "मला शिकवतोस?"

जिपारा कोपऱ्यात बसून ऐकत होती. "एने, अजून नक्की नाही," म्हणाली. मी म्हटलं, "माझं नाक आहे की भोपळा? मला कळतं."

मला वाचता येत नाही, पण दिसतं. आधी हिच्या ओळी मेंढ्यांसारख्या एका रांगेत चालायच्या. आता पानाच्या खालच्या कोपऱ्याकडे घसरतात. आळस हो, गरोदरपणाचा आळस. मलाही सागिनच्या वेळी असाच होता.

२२ नोव्हेंबर

थोडकंच सांगते, हिचे डोळे मिटतायत. आज अशी थंडी आहे की थुंकी जमिनीवर वाजते. चूल दाबून भरलीय. खिडकीला जुनी गोधडी लावली. आज सूनबाईला अशी उबेत झोपवते की माझे सगळे वाकडे शब्द वितळून जातील.

जा, पोरी. झोप. बाकीचं उद्या.

२७ नोव्हेंबर

आज मुकाश लिहितोय. त्याचं अक्षर कसं आहे मला ठाऊक नाही. पाटावरून कोंबडी चालावी तसं दिसतं.

(अक्षर चांगलं आहे. — मुकाश)

सांगते ते लिही, मध्ये बोलू नकोस.

त्या सकाळी किटली वाजली नाही. रोज माझ्या आधी जिपारा उठते. मला वाटलं, झोपू दे. चांगलं उजाडलं तरी आवाज नाही. मी दार ढकललं. ते उघडेना, तिच्या अंगाला लागत होतं. ती दाराशी खाली पडली होती, बिछान्यापासून लांब. मी वाकून बघितलं. गाल लाल, ओठ लाल. देवा, मला एक क्षण वाटलं, किती गोड झोप लागलीय हिला.

मग मी ओरडले. मुकाश आला, त्यानं तिला उचलून अंगणातल्या बर्फात नेऊन ठेवलं आणि आत जाऊन खिडक्या उघडल्या. गोधडी ओढून फेकली. मी बर्फात बसून तिच्या तोंडावर माझ्या शालीनं वारा घालत होते. एवढ्या थंडीत वारा! शेवटी तिच्या तोंडून वाफ निघाली, बारीकशी. त्या वाफेएवढं सुंदर मी काही बघितलेलं नाही.

आता ती नारीन शहराच्या इस्पितळात आहे. नाकाला नळी लावून हवा देतात. जिवंत आहे. मला ओळखते. मुकाशचं नाव आठवलं नाही, त्याला "ते चुलीवाले" म्हणाली. "शाळेत माझ्या वर्गात किती पोरं आहेत?" असं आपल्या आईला विचारत होती.

डॉक्टरीणबाई म्हणाली, कोळशाचा वायू. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, उलट्या होतात, माणूस उघड्यावर गेलं की बरं वाटतं आणि घरी आलं की पुन्हा. किती दिवस असं होत होतं, तिनं विचारलं.

मी उलट विचारलं, पोटातलं मूल?

"मूल?" बाई म्हणाली. "मूल नव्हतंच, आजी."

लिहिलंस? नव्हतंच. ते लिही.

२९ नोव्हेंबर

इस्पितळात कागद भरताना परिचारिकेनं विचारलं, "झडप कुणी लावली?" मी उत्तर द्यायच्या आधीच तिनं स्वतःच उत्तर दिलं, "सुनेनंच ना? या तरुण पोरींना घाई फार." आणि लिहून टाकलं.

मी काही बोलले नाही. माझ्या जिभेला हाड नाही म्हणतात लोक. त्या दिवशी तिला हाड फुटलं.

आज सागिनचा फोन. मला वाटलं, तो रडेल. तो चिडला. "शिकवते ना शाळेत मुलांना? झडप कधी लावायची तेवढं कळत नाही? आणि मूल आहे म्हणून का सांगितलं?" मूल आहे म्हणून सांगणारी मी. झडप लावणारी मी. मी फोन धरून ऐकत राहिले. शेवटी म्हटलं, "तिच्यावर ओरडू नकोस, आजारी आहे ती." बघ, काय मोठेपणा माझा! जणू मीच तिला माफ करत होते.

फोन ठेवल्यावर मुकाश म्हणाला, "एजे, खिडक्यांवर ढकल. खोटं नाही ते. जुन्या खिडक्या असत्या तर एवढं झालं नसतं."

"खिडक्यांनी झडप लावली का?"

"नाही. पण खिडक्यांना घर नसतं, सून नसते. त्यांना काय फरक पडतो?"

मोह झाला मला. लिही, लिही, मोह झाला. दिवसभर मी खिडक्यांकडे बघत बसले, त्या काही बोलतायत का ते. त्या स्वच्छ आहेत मेल्या. त्यांत मीच दिसते.

३ डिसेंबर

जिपारा इस्पितळातून सुटली, पण घरी आली नाही. तिच्या आईनं, शायिरकुलनं, तिला नारीनला माहेरी नेलं. तिथं तिचा दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, नळातून गरम पाणी फिरतं, भिंतीपाशी लोखंडी पेट्या तापतात. चूल नाही, राख नाही, सासू नाही.

जाताना शायिरकुलनं सुनेची पिशवी माझ्या हातातून घेतली, आणि तीही अशी घेतली, की माझ्या बोटाला बोट लागू नये.

६ डिसेंबर

चूल पेटवली नाही. मुकाश ओरडला, "एजे, गोठशील." मी म्हटलं, "गोठू दे. सागिनला सांग, थंडीनं मेली. आळ थंडीवर जाईल, तिलाही घर नसतं."

त्याला हसू आलं नाही. मलाही नाही.

मग त्यानंच पेटवली. राख धरली तेव्हा मला बाजूला बसवलं आणि सळईनं राख उकरली. खाली निळ्या जिभा हलत होत्या, लहान, मुक्या. "हे बघ," म्हणाला. "हेच विष. असं जळतं तोवर वर जाऊ द्यायचं. वाट बंद केली की ते घरात उतरतं." मी किती वेळ बघत बसले कोण जाणे. जन्मभर मी चुलीचं वरचंच तोंड बघितलं. गोवरीचा हात कोळशाला लावला. तो मला शिकवत होता तेव्हा मी त्याच्या लग्नाची थट्टा करत होते.

(एजे, तू एवढं मनाला लावून घेऊ नकोस. — मुकाश)

हे काय लिहिलंस? वाचून दाखव. बरं. राहू दे. पण खोडू नकोस.

९ डिसेंबर

सागिनला फोन लावायला मुकाशला सांगितलं. म्हटलं, "झडप मी लावली. रोज मी लावत होते. मूल आहे असंही मीच ठरवलं. ती नाही म्हणत होती."

पलीकडे कुणी दगड कापत होतं, त्याचा आवाज येत राहिला. मग सागिन म्हणाला, "आई, मी तिला काय काय बोललो."

"म्हणून तर सांगते. मला बोल आता."

"तुम्हाला कसं बोलू?"

बघ. मला कुणी बोलतच नाही. मुलगा नाही, सून नाही. सगळ्यांनी मिळून मला एवढ्या उंच बसवलंय, की माझा पाय कुणाच्या छातीवर आहे ते मला दिसत नाही.

उद्या विहिणीकडे जाते. सासूनं सुनेच्या माहेरी माफी मागायला जायची रीत आमच्यात नाही. सून जाते, सासू बसते. मुकाश म्हणाला, लोक हसतील. हसू दे. आजवर मी हसवलं, आता त्यांची पाळी.

११ डिसेंबर

काल गेले. मुकाश त्याच्या जुनाट गाडीत घालून घेऊन गेला आणि खालीच थांबला, भित्रा.

(एजेनंच थांब म्हटलं होतं. — मुकाश)

शायिरकुलनं दार उघडलं. मी उंबऱ्याबाहेर उभी. तिनं आत ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

"विहीणबाई," ती म्हणाली, "मी पोर दिली होती. सरपण नव्हतं दिलं."

मी म्हटलं, "खरं आहे."

एवढंच म्हटलं. येताना वाटेत मी केवढं भाषण जुळवलं होतं! मुकाशला तोंडपाठ झालं असेल. सगळं त्या एका वाक्यात जळून गेलं.

तिनं वाट सोडली. मेजावर नान ठेवली, शत्रूपुढेही नान ठेवतात, तशी. मी तुकडा मोडून तोंडात घातला.

जिपारा आतून आली. केस कापलेत. चेहरा बारीक झालाय. मला बघून उठायला लागली, वाकायला लागली, तोल गेला तेव्हा भिंत धरली. मी ओरडलेच, "वाकू नकोस गं!" तेही रागावल्यासारखं ओरडले. माझ्या तोंडाला प्रेमाचा आवाज येत नाही, काय करू?

मी सांगितलं. शायिरकुलसमोर, सगळं. झडप मी लावली, रोज मी लावत होते, इस्पितळात तुझं नाव लिहिलं तेव्हा मी गप्प बसले, सागिन तुला बोलला तेव्हाही.

जिपारा म्हणाली, "मला ठाऊक होतं, एने."

"काय ठाऊक होतं?"

"तुम्ही झडप लावली तेव्हा मी जागी होते. आत निळी ज्योत होती. मला बिछान्यातून दिसत होती."

"मग बोलली का नाहीस?"

ती शब्द शोधत राहिली. आता तिला शब्द शोधावे लागतात, अंधारात चप्पल शोधावी तसे. मग म्हणाली, "तुमचा हात होता तो. तुम्ही झोपलात की हळूच उघडीन, असं ठरवलं होतं. पण तुम्ही जागं राहून माझ्यासाठी गुणगुणत होतात. मी वाट बघत राहिले. मग उठायला गेले तर पाय उठेनात."

शायिरकुल रडायला लागली. मी नाही रडले. मला रडण्याचा हक्क कुठला? दाराच्या पलीकडे मी बसले होते, गुणगुणत होते, सुनेला जपतेय म्हणून स्वतःवरच खूश होते. आणि अलीकडे ती माझ्या झोपण्याची वाट बघत होती, श्वास घ्यायला मिळावा म्हणून.

मी म्हटलं, "घरी चल, पोरी. चूल तोडून टाकू. तू म्हणशील तसं करू."

तिनं माझ्याकडे बघितलं. खाली नाही, थेट माझ्याकडे. आमच्या घरात आल्यापासून तिचे डोळे असे मला दिसलेच नव्हते. करडे आहेत.

"नाही, एने," म्हणाली. "आत्ता नाही."

तिच्या आईनं दचकून तिच्याकडे बघितलं. तिच्या तोंडून सासूला 'नाही' निघालं होतं. मला कुठं तरी लागलं, खोल. आणि त्याच ठिकाणी बरंही वाटलं. माणूस दोन्ही एकदम कसं होतं ते मला सांगता यायचं नाही, तुला लिहिता यायचं नाही.

परत येताना मी गाडीच्या काचेतून बर्फ बघत बसले. मुकाशनं दोनदा वळून बघितलं, मी जिवंत आहे ना ते.

२ जानेवारी

जिपाराचा फोन नाही. तिनं येऊ नये असंही वाटतं, यावं असंही वाटतं. मुकाशनं झडपेचा कोपरा कापला, आता पूर्ण लावली तरी धुराला जायला वाट राहते. म्हणाला, "हे आधीच करायला हवं होतं मी." मी म्हटलं, "तू अपराध वाटून घेऊ नकोस. माझा मला पुरेसा आहे, त्यात तुला वाटा नाही."

दुसऱ्या खोऱ्यातल्या एका घरात असंच झालं म्हणे. तिथं कुणी वाचलं नाही. मी मुकाशला घेऊन आमच्या आळीतल्या प्रत्येक घरी गेले. चुलीचं दार उघडायला लावलं, निळी ज्योत दाखवली. माझ्या घरी काय झालं ते सांगितलं, झडप कुणी लावली तेही सांगितलं. एका बाईनं विचारलं, "पण तुम्ही तर एवढ्या जाणत्या, एजे." मी म्हटलं, "म्हणूनच."

१७ फेब्रुवारी

आज जिपारा लिहिते आहे.

काल आली. तिच्या आईनं गाडीतून आणून सोडलं, स्वतःही उतरली, चहा घेतला, चुलीकडे बघितलं आणि गेली. जिपारा राहिली. किती दिवस राहणार मी विचारलं नाही. सागिन वसंतात येतो म्हणतो, तो तिला रोज फोन करतो, मला आठवड्यातून एकदा. योग्यच आहे.

हळू लिहिते आता. मध्येच थांबते, अक्षर कसं काढायचं ते आठवत बसते. शाळेत अर्धा वेळ घेतलाय. माझ्यानं बघवत नाही, पण मी दुसरीकडे बघायचं नाही असं ठरवलंय.

खिडकीला चांगली चार बोटं फट आहे. आम्ही दोघी घरात कोट घालून बसलोय. तिनंच चूल भरली, तिनंच पेटवली. थोड्या वेळानं वर राख धरली, पांढरी, मऊ. आणि माझा हात उठला. मी उठवला नाही गं, तो आपोआप उठला, अर्धी उभी राहिले मी.

ती लिहीतच होती. मान वर न करता म्हणाली, "नाही, एने. बसा."

मी बसले.

मग ती उठली, सळई घेतली, चुलीपुढे गुडघ्यावर बसून राख उकरली, आत बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. खोलीत माझ्या तोंडची वाफ दिसत होती. मला ऊब हवी होती आणि मी मागितली नाही.

"अजून निळी आहे," म्हणाली आणि परत वहीपाशी येऊन बसली.

मी म्हटलं, "लिही, आज सुनेनं सासूला दटावून बसवलं. हे तिनं त्या दिवशी म्हटलं असतं तर—"

तिनं पेन्सिल थांबवली.

बरं. तेवढं खोड. असं लिही, मी म्हणू दिलं असतं तर.

ते तिनं लिहिलं. आता पुन्हा चुलीपाशी जाऊन बघते आहे. मी बसून आहे.